कुत्र्याने फक्त ओढावं, बाकी सगळं गाडीने करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दोन कुत्री आहेत. मोठा नर, ३ वर्षांचा, ३४ किलोचा, फिरायला नेलं की पट्टा ताणून पुढे पळणारा. धाकटी १० महिन्यांची, २६ किलोची. कुत्र्यांनी ओढलेल्या गाडीतून तुम्हाला फिरायचं आहे. तुमचं वजन ७० किलो. गुडघा दुखतो म्हणून उभं राहून चालवायची स्कूटर तुम्हाला नको आहे. बसून जाता येईल अशी दोन चाकांची, दोन दांड्यांची गाडी तुम्ही हेरून ठेवली आहे. विचारलं आहे की फिरायचा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवर बांधायचा पट्ट्यांचा साज, त्यासाठी चालेल का, दोघांना एकदम जुंपता येईल का, आणि शिकवायला किती आठवडे लागतील.

आधी सरळ उत्तरं देते. फिरायचा हार्नेस चालणार नाही. धाकटीला आत्ता काहीही ओढायला लावू नका. आणि आठवडे मोजू नका. मी शिकवलेल्यांपैकी सगळ्यांत लवकर तयार झालेला कुत्रा साडेतीन महिन्यांत माणूस बसलेली गाडी ओढू लागला, आणि एका कुत्रीला अकरा महिने लागले. पुढची कितीतरी वर्षं दोघंही सारख्याच आनंदाने गाडीपुढे उभी राहत. कोण किती दिवस घेईल हे स्वभावावर, आधी कशाची भीती बसली आहे त्यावर आणि तुमच्या धीरावर अवलंबून आहे.

आता मुळाशी जाऊ. ‘हा पट्टा ताणतो, म्हणजे याला ओढायची आवड आहे,’ असं तुम्ही लिहिलं आहे. मला यात अर्धंच तथ्य दिसतं. पट्टा ताणणारा कुत्रा पुढच्या वासाकडे जात असतो, त्याचं लक्ष पुढे असतं. गाडीचं सगळं अवघडपण मागे असतं. मागे खडखड करणारं काहीतरी लागलंय, आपण पळालो की तेही पळतंय, थांबलो की अंगावर येतंय, आणि सुटता येत नाही. पट्ट्याला जिवाच्या आकांताने ताणणारे कितीतरी कुत्रे मागे चाक वाजताच जमिनीला चिकटलेले मी पाहिले आहेत. उलट पट्ट्यावर अगदी शहाण्यासारखी चालणारी एक कुत्री गाडीला लावली की खांदे खाली घालून अशी निघायची की बघत राहावं. म्हणून शिकवण्याचा मोठा भाग म्हणजे मागच्या वस्तूची ओळख करून देणं. ओढायचं कसं हे कुत्र्याला फार शिकवावं लागत नाही.

गाडी, हार्नेस आणि ब्रेक निवडताना मी एकच कसोटी लावते. कुत्र्याच्या वाट्याला फक्त पुढे ओढणं यावं. वजन तोलून धरणं, उतारावर गाडी थोपवणं, वळणावर ती वळवणं ही कामं गाडीची आणि तुमची. यातलं एकही काम कुत्र्यावर पडत असेल तर गाडी कितीही देखणी असो, मी ती घेणार नाही.

वजनापासून सुरुवात करू, कारण ‘३४ किलोचा कुत्रा ७० किलोचा माणूस ओढेल का’ हीच तुमची मुख्य धास्ती दिसते. कुत्रा तुमचं वजन उचलत नाही, तो चाकांचा आणि रस्त्याचा विरोध मोडतो. तुम्ही ७० आणि गाडी २५ धरली तर एकूण ९५ किलो. सपाट, गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, सायकलच्या चाकांत हवा नीट भरलेली असेल, तर ती चालती ठेवायला सुमारे १ ते दीड किलोचा ताण पुरतो. टणक मातीच्या वाटेवर तो साधारण दुप्पट होतो. गवतात ७-८ किलोंवर जाऊ शकतो आणि सुट्या वाळूत त्याच्याही पुढे. आता चढ बघा. १०० मीटरमागे ५ मीटर चढ असेल तर ९५ किलोंसाठी आणखी पावणेपाच किलो ताण लागतो. असा चढ आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, पण कुत्र्याचं काम एका क्षणात चौपटीपेक्षा जास्त होतं.

घोड्याबैलांच्या कामात एक जुना ठोकताळा आहे. तासन्‌तास सलग ओढायचा ताण जनावराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश असावा. कुत्र्यासाठी पहिल्या हंगामात मी त्याच्या निम्मंच धरते. तुमच्या मोठ्याला हे लावलं तर १ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सपाट डांबरी रस्ता झेपेल, चांगल्या टणक मातीची वाट पुढे सरावाने झेपेल, गवत नाही आणि चढ तर अजिबात नाही. चढावर तुम्ही उतरायचं किंवा गाडीला स्वतः जोर द्यायचा. गाडी जागची हलवताना लागणारा ताण चालत्या गाडीपेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा प्रत्येक वेळी निघताना हाताने किंवा पायाने गाडीला रेटा द्या. कुत्र्याला पहिला हिसका बसता कामा नये.

हे आकडे माझ्या भरवशावर घेऊ नका, मोजा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मिळतो. तो गाडीच्या पुढच्या दोराला लावा, गाडीत तुमच्याइतकं वजन ठेवा आणि ज्या वाटेवर जायचं आहे तिथे चालत ओढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या काट्याने मला स्वतःला दोनदा वाट बदलायला लावली आहे. एकदा चाकांत हवा कमी होती एवढ्यानेच काटा कितीतरी पुढे सरकला होता.

आता गाडी. तुम्ही पाहिलेली दोन चाकांची, दोन दांड्यांची गाडी वाईट नसते. एक शांत कुत्रा, चालीचा वेग, सपाट वाट आणि हलकं सामान यासाठी मी तीच वापरते. पण माणूस बसला की तिचा सगळा तोल आसाच्या मागे-पुढे होतो. आपल्याकडे बैलगाडी उलाळते म्हणतात तसंच. वजन मागे गेलं की दांड्या वर उठतात आणि पोटाखालचा पट्टा कुत्र्याला वर खेचतो. वजन पुढे आलं की दांड्या पाठीवर बसतात. कुत्र्याचा कणा वरून वजन पेलण्यासाठी नाही. तुम्ही बसलेले असताना दुसऱ्याने दांड्यांची टोकं एका बोटावर उचलून बघावीत. बोटाला अर्धा किलोच्या आसपास भार जाणवला तर ठीक. जास्त असेल तर आसन किंवा आस सरकवायची सोय हवी, आणि ती नसेल तर ती गाडी माणसासाठी नाही असं समजा. आसन जितकं उंच तितका चढ-उतारावर हा तोल जास्त बिघडतो, म्हणून बसायची जागा खालीच हवी. शिवाय या गाडीला वळवतो तो कुत्रा, दांड्यांना खांद्याने ढकलून. ७० किलोंचा माणूस वळवणं त्याच्यावर टाकणं मला पटत नाही.

तुमच्या जागी मी असते तर खाली बसायची तीनचाकी घेतली असती. सुकाणू तुमच्या हातात असतं, तोल चाकांवर असतो आणि कुत्रा पुढे दोराने जोडलेला असतो, त्याच्या पाठीवर काहीच नाही. पॅडल असलेली मिळाली आणि गुडघ्याला हलकी पॅडल चालत असतील तर उत्तम, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. ती चालत नसतील तर चढापुरती लहान मोटर असलेली बघा. काही लोकांना यात कुत्र्याची फसवणूक वाटते. मला नाही वाटत. कुत्र्याला दोर ताणलेला ठेवायला, पुढे धावायला आणि तुमच्यासोबत असायला आवडतं. तुमचे सगळे ९५ किलो त्यानेच ओढले पाहिजेत असा त्याचा हट्ट नसतो.

तीनचाकीत बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण त्यातली एकही सोडू नका. हवेची आणि शक्य तितकी मोठी चाकं, कारण लहान कडक चाक प्रत्येक खड्ड्याचा धक्का दोरातून कुत्र्याच्या छातीवर देतं. दोन्ही मागच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि थांबल्यावर ब्रेक अडकवून ठेवायची कळ. दोरात रबरी ताणाचा तुकडा, म्हणजे हिसके त्यात जिरतात. दोर ढिला पडला तर पुढच्या चाकात जाऊ नये म्हणून त्याला पुढे तोलून धरणारी लवचीक नळी. आणि ताणाखालीसुद्धा एका हाताने सुटेल असा हूक. दोर स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला कधी बांधायचा नाही. कुत्र्याचा ओढीचा दोर गळ्यातल्या पट्ट्याला कधी लावायचा नाही. डोक्यावर हेल्मेट, आणि दोर कापायला हाताशी चाकू.

ब्रेकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मी चुकले आहे. माझ्याकडे तांबू नावाचा कुत्रा होता. वर्षभर सुंदर चालणारा, गाडीचं कुलूप वाजलं की दाराशी येऊन बसणारा. एका सकाळी लहानशा उतारावर मी ब्रेक दाबला आणि तार सैल झालेली निघाली. निघताना मी ती तपासली नव्हती. गाडी त्याच्या मागच्या पायांवर गेली. जखम खरचटण्याइतकी होती, आठ दिवसांत भरली. पण त्यानंतर सात महिने तो गाडीच्या दहा पावलांत यायचा नाही. मी त्याचं जेवण गाडीपासून लांब ठेवायची आणि रोज थोडं जवळ आणायची. पुढे पहिल्या दिवसाच्या धड्यापासून सगळं पुन्हा केलं. तो परत चालू लागला, पण उतार आला की आजही मला त्याचं ते जमिनीला दाबून बसणं आठवतं. तेव्हापासून निघण्याआधी गाडी ढकलायची, ब्रेक दाबायचा, चाकं जागच्या जागी घट्ट होतात का बघायचं आणि मगच कुत्र्याला जवळ आणायचं, हा क्रम मी एकदाही मोडलेला नाही. उतारावर दोर ढिला पडला म्हणजे तुम्ही ब्रेक उशिरा लावलात. दोर किंचित ताणलेलाच राहिला पाहिजे.

आता हार्नेस. फिरायचा हार्नेस का चालत नाही? त्यातले बरेचसे कुत्र्याने ओढू नये यासाठीच बनवलेले असतात. छातीवर आडवा पट्टा येतो आणि ताण आला की तो खांद्याच्या सांध्यावर बसतो, पाय पुढे टाकू देत नाही. ओढीच्या हार्नेसमध्ये ताण उराच्या हाडावर आणि फासळ्यांच्या बाजूंवर पसरतो, घसा मोकळा राहतो आणि खांदे मोकळे फिरतात. समोरून बघितलं तर पट्टे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसायला हवेत.

पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला, शेपटीच्या मुळापर्यंत जाणारा हार्नेस तुम्ही बर्फावरच्या घसरगाड्यांच्या चित्रांत पाहिला असेल. तो लांब आणि खालून येणाऱ्या दोरासाठी आहे. तुमच्या तीनचाकीचा हूक त्या मानाने उंच आणि जवळ असेल, तिथे फासळ्यांपाशी संपणारा आखूड हार्नेस बरा. दोराची रेषा हेच खरं गमक आहे. कुत्र्याच्या छातीपासून हुकापर्यंत ती सरळ किंवा मागे किंचित खाली उतरणारी असावी. हूक फार वर असेल तर पट्टा घशात चढतो. फार खाली असेल तर कंबर दाबली जाते. दोन दांड्यांचीच गाडी घेतलीत तर पाठीवर गादी, दांड्या अडकवायच्या कड्या, पोटाचा पट्टा आणि गाडी मागून ढकलू लागली तर ती मांड्यांवर पेलणारा मागचा रुंद पट्टा, असा वेगळाच संच लागतो. ओढीचे दोर मधोमध फिरणाऱ्या आडव्या दांडीला जोडलेले हवेत, नाहीतर चालताना दर पावलाला छातीचा पट्टा एका बाजूने घासतो.

हार्नेस उभ्या कुत्र्यावर बघून घेऊ नका. कुत्र्याला घाला, मागून कुणाला दोर हलका ताणून धरायला सांगा, पुढून खाऊ दाखवा आणि तो पुढे झुकला की हात फिरवा. घशाशी दोन बोटं सहज जातात का, काखेत पट्टा रुततो का, पोटाचा पट्टा कोपरापासून तीन-चार बोटं मागे आहे का. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांनंतर काख, उर आणि फासळ्या बोटांनी उलट्या केसांत तपासा. केस तुटलेले किंवा कातडी लाल दिसली तर हार्नेस बदलायचा. मऊ कापड गुंडाळून वेळ मारून न्यायची नाही.

पैसे कमी असतील तर कशावर आधी खर्च करायचा, हेही तुम्ही विचारलंय. आधी हार्नेस, मग ब्रेक, सगळ्यांत शेवटी गाडीचं रूप.

यातलं काहीही विकत घेण्याआधी मोठ्याला पशुवैद्याकडे न्या. हृदय ऐकून घ्या, आणि कमरेच्या व कोपराच्या सांध्यांचा एक्स-रे काढा. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यांतही सांध्याची आनुवंशिक ढिलाई असू शकते आणि ती ओझ्याखालीच बोलायला लागते. धाकटीचं कारण वेगळं आहे. कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या भरून येईपर्यंत तिथे हाड कच्चं असतं. मध्यम जातींत हे वर्षभरात किंवा थोडं पुढे पूर्ण होतं, मोठ्या आणि फार मोठ्या जातींत दीड ते दोन वर्षं लागतात. १० महिन्यांची, २६ किलोची आणि अजून वाढणारी कुत्री म्हणजे किमान १८ महिन्यांपर्यंत थांबायचं. तोवर तिला शब्द शिकवा, हार्नेस घालून हिंडवा, रिकाम्या गाडीशेजारी चालवा. तिचा वेळ वाया जात नाही, पुढे ती मोठ्यापेक्षा लवकर तयार होईल. नाक चपटं असलेल्या जातींना मात्र मी ओढायला लावतच नाही, त्यांना श्वासाचंच काम पुरेसं असतं.

हवामानाबद्दल मी कडक आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. हवा दमट असली की तेही नीट होत नाही. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, आणि ४१ अंशांच्या वर गेलं की जिवाशी गाठ असते. ओढताना अंगात निर्माण होणारी उष्णता नुसत्या फिरण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. माझी स्वतःची रेघ १५ अंशांची आहे. त्यावर गेलं की अंतर निम्मं करते, आणि २० च्या वर जुंपतच नाही. उष्ण मुलखात राहणाऱ्याला याचा अर्थ वर्षातले मोजके महिने आणि पहाटेची वेळ एवढाच निघतो, आणि काही ठिकाणी तर हा नाद सोडून द्यावा असाही निघतो. हे कटू आहे, पण रेघ सरकवता येत नाही. रस्त्यावर उलटा हात ठेवून बघा. सात सेकंद ठेवता आला नाही तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता नको.

जीभ टोकाशी चमच्यासारखी रुंद होणं, लाळ दाट होणं, दोर वारंवार ढिला पडणं, मागचा भाग डुलणं, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा, सोडा, सावलीत न्या. तो डगमगत असेल किंवा ओकत असेल तर आधी जागेवरच अंगावर गार पाणी ओतत वारा घाला, आणि मग दवाखान्यात न्या. अंग गार करायच्या आधी मोटारीत घालून पळण्यात मोलाची मिनिटं जातात. जेवणाचं म्हणाल तर मी फेरीच्या चार तास आधी आणि नंतर एक तास खायला देत नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी दमणूक झाली तर पोटाला पीळ पडण्याची भीती असते.

आता शिकवणं. पहिले दोन-तीन आठवडे गाडी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर नुसती उभी असू द्या. हार्नेस जेवणाआधी घालायचा आणि जेवण झालं की काढायचा. सोबत शब्द शिकवायचे. चल, थांब, हळू, आणि दोन वळणं. वळणांसाठी मी ‘उजवी’ आणि ‘डावी’ वापरत असे आणि काही कुत्रे हटकून चुकायचे. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की वाऱ्यात दोन्हींची शेवटची ‘वी’च ऐकू जाते. घसरगाडीवाले उजवीकडे ‘जी’ आणि डावीकडे ‘हॉ’ म्हणतात. मीही आता तेच म्हणते. फक्त मग थांबवायला बैलाला म्हणतात तसं ‘होऽ’ म्हणू नका, ‘हॉ’शी गल्लत होते. शब्द चालताना शिकवायचे. वळण येण्याआधी दोन-तीन पावलं म्हणायचं, आणि बरोबर वळला की तिथल्या तिथे शाबासकी. ‘थांब’ हा शब्द इतका पक्का व्हायला हवा की समोरून मांजर गेली तरी निदान दोन सेकंद तो उभा राहील. ते होत नाही तोवर पुढचं काही नाही.

मग मागचा आवाज. हार्नेसला हलका दोर बांधून नुसता जमिनीवरून फरफटू द्यायचा. दोन दिवसांनी त्याला लाकडाची छोटी काठी. मग खडे घातलेली प्लास्टिकची बाटली. सुरुवातीला ती दुसऱ्याने हातात धरून लांबून वाजवत यायचं, मग जवळून, मग बांधायची. कान मागे गेले, शेपूट आत गेली, चाल तुटली की एक पायरी मागे. इथे घाई करणाऱ्याला पुढे महिने मोजावे लागतात. तुमच्या कुत्र्याने बाटलीकडे बघणंच सोडून दिलं की समजा झालं. हार्नेसच्या दोन्ही बाजूंना लांब दोर बांधून कासऱ्यासारखे हातात धरून मागून चालण्याचा सरावही याच काळात करायचा, म्हणजे तुमचा आवाज मागून येतो याची त्याला सवय होते. इतके दिवस तुम्ही शेजारी होतात. तुम्ही दिसत नसताना पुढे जाणं ही कुत्र्यासाठी मोठी गोष्ट आहे. पुष्कळजण वळून वळून बघतात. त्यांना रागवायचं नाही. कुणीतरी पुढे चालत राहावं आणि रोज थोडं लांब जावं.

त्यानंतर रिकामी गाडी. पहिल्या दिवशी ती दुसऱ्याने कुत्र्याशेजारून ढकलत न्यायची, कुत्रा तुमच्या हातात. मग त्याच्या मागून. मग दोर जोडायचा, पण गाडी माणसानेच ढकलायची, म्हणजे कुत्र्याला वजन जाणवत नाही, फक्त सोबत जाणवते. असं चार-पाच दिवस झाल्यावर ढकलणारा हळूच हात सोडतो. माझ्या अनुभवात इथे बहुतेक कुत्रे लक्षही देत नाहीत, आणि लक्ष न देणं हेच आपल्याला हवं असतं. पहिल्या फेऱ्या ४००-५०० मीटरच्या, चालीच्या वेगाने, एका दिवसाआड. १० किलो, मग २०, आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी. अंतर आठवड्याला एक दशांशापेक्षा जास्त वाढवू नका. दुडक्या चालीवर म्हणजे तासाला १०-१२ किलोमीटरवर यायला घाई नको, आणि डांबरी रस्त्यावर भरधाव तर कधीच नको, पंजे आणि सांधे दोन्ही झिजतात. कुत्र्याला अजून पुढे जायचं असतं तेव्हाच फेरी संपवा.

सुटं करायचा क्रमही ठरवून घ्या. जुंपताना गाडीचा ब्रेक अडकवलेला, कुत्रा हातातल्या पट्ट्याला, ओढीचा दोर सगळ्यांत शेवटी. सोडताना तो सगळ्यांत आधी. जुंपलेला कुत्रा एकटा सोडून दाराची कडी लावायलासुद्धा जाऊ नका.

धाकटी दीड-दोन वर्षांची झाली आणि तिचेही एक्स-रे चांगले आले की जोडीचा विचार करा. तिलाही हे सगळे टप्पे एकटीनेच करू द्या, मग मोठ्याशेजारी आणा. जोडीत दोघांचा ओढीचा दोर वेगळा असतो आणि गळपट्ट्यांना जोडणारा एक आखूड दोर असतो, तो फक्त दोघं एका रेषेत राहावीत यासाठी, ओढण्यासाठी नाही. एकाचा दोर सतत ढिला आणि दुसऱ्याचा सतत ताठ असेल तर ताठवाला दोघांचं काम करतो आहे. बऱ्याचदा धाकटं कुत्रं उत्साहात हे करतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ओढायचंच नाही असं एखादं कुत्रं ठरवतं. तेही होतं. हार्नेस हातात घेतला की तुमचा मोठा जवळ येतो की खोलीबाहेर जातो, हे रोज बघा. सलग आठवडाभर तो निघून जात असेल तर महिनाभर सगळं बंद करा. नंतरही तेच दिसलं तर त्याला गाडीशेजारी धावू द्या, ओढायला लावू नका. पुढून पट्ट्याने खेचून त्याला ओढायला लावणं, हे मात्र एकदाही करू नका.

एक शेवटचं, कायद्याचं. एकेकाळी बेल्जियममध्ये कुत्री दुधाच्या गाड्या ओढत. लंडनमध्ये १८३९ च्या कायद्याने कुत्र्यांना गाडीला जुंपायला बंदी आली, आणि १८५४ मध्ये जनावरांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने ती इंग्लंडभर लागू झाली. आजही ठिकठिकाणचे नियम वेगळे आहेत, म्हणून सार्वजनिक रस्त्यावर जाण्याआधी तुमच्या इथला नियम विचारून घ्या. परवानगी असली तरी सुरुवातीचे महिने वाहनं नसलेली वाटच शोधा.

गाडी घेण्याआधी दोन गोष्टी मला कळवा. तुमच्या नेहमीच्या वाटेवर काट्याने दाखवलेला ताण, सपाटीचा आणि सगळ्यांत मोठ्या चढाचा वेगवेगळा. आणि मोठ्याने हार्नेस घालून दोर ताणलेला असताना बाजूने काढलेला फोटो, ज्यात घसा, खांदा आणि दोराची रेषा तिन्ही दिसतील. ते बघून हूक किती उंचीवर हवा हे सांगते.